उंब्रियातलं शेतघर: खोलीला तीन स्टार, २५ एप्रिलची सकाळ वेगळी

रिव्ह्यू उशिरा टाकतेय कारण घरात स्टारवरूनच एकमत होईना. नवरा म्हणतो तीन, सासूबाई म्हणतात पाच, आणि लेकीने वायफायच्या नावाने दीड देऊन विषय संपवलाय. जागा इटलीतल्या उंब्रियात, वरच्या तिबेर खोऱ्यात, उंबेर्तिदे आणि चित्ता दि कास्तेल्लोच्या मधल्या पट्ट्यात, डोंगराच्या उतारावर. नाव देत नाही, कारण पुढे ज्या घरगुती गोष्टी लिहिणारे त्या मालकीणबाईंना विचारून लिहिलेल्या नाहीत, आणि तक्रारी पण आहेत. ज्यांना या भागात जायचंय त्यांना एकूण अंदाज यावा एवढ्यासाठी लिहितेय, अशी शेतघरं त्या खोऱ्यात बरीच आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळी अशीच असावीत.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई, वय ६९, गुडघे बेताचे. २३ एप्रिलला संध्याकाळी पोचलो, २७ ला सकाळी निघालो, म्हणजे चार रात्री.

पोचण्याबद्दल आधी सांगते. फ्लोरेन्सहून भाड्याची गाडी घेतली, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते इथून निघतानाच काढून न्या, काउंटरवर मागतातच. पुढे ई-४५ नावाचा रस्ता तिबेर नदीच्या कडेकडेने खाली येतो, टोल नाही म्हणून आम्ही खूश होतो, मग खड्डे सुरू झाले आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम घरी आल्यासारखं समाधान दिसायला लागलं. शेवटचे तीन किलोमीटर पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता, एक गाडी जेमतेम जाईल एवढा, समोरून ट्रॅक्टर आला की तुम्ही रिव्हर्स घ्यायचा, ट्रॅक्टर घेणार नाही. लिस्टिंगमध्ये 'गावापासून पाच मिनिटं' लिहिलंय ते ट्रॅक्टरवाल्याच्या हिशोबाने असावं. अंधार पडल्यावर पहिल्यांदा येऊ नका एवढंच सांगेन.

आता खोली. दगडी घर आहे, भिंती हातभर जाड, खाली बैठक आणि ओटा, वर दोन बेडरूम, खिडकीतून ऑलिव्हची झाडं आणि लांबवर टेकडीवरचं एक गाव दिसतं. फोटोत आहे तसंच आहे, त्यात फसवणूक नाही. स्वच्छता एक नंबर. गाद्या जरा मऊ. पण थंडी! दगडी भिंती मे-जूनमध्ये छान वाटत असतील, एप्रिलमध्ये रात्री बाहेर सात-आठ डिग्री आणि आत पण जवळपास तेवढंच. रेडिएटर प्रत्येक खोलीत आहेत, सुंदर आहेत, बर्फासारखे गार आहेत. विचारलं तर बाई म्हणाल्या की हीटिंग १५ एप्रिलला बंद झालं. मला वाटलं पैसे वाचवायचा बहाणा, मग नंतर शोधून बघितलं तर खरंच तसा नियम निघाला. इटलीत हवामानाप्रमाणे झोन पाडलेत आणि कुठल्या झोनमध्ये कधीपासून कधीपर्यंत घर गरम करायचं ते ठरलेलं असतं, या भागाचं मुख्य शहर पेरुजा, त्याच्या झोनला १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल. नियम मान्य आहे, पण मग तो बुकिंग घेताना सांगा ना, २३ एप्रिलचं बुकिंग तुम्हीच घेतलंय आणि सोबत ज्येष्ठ नागरिक आहेत हे मी दोनदा लिहिलं होतं. शेवटी बैठकीत लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी होती ती पेटवून दिली, एका संध्याकाळचे दहा युरो, आणि आम्ही चौघं रात्री साडेदहापर्यंत तिच्याभोवती पाय पसरून बसायचो. त्याची वेगळी मजा आली हे मान्य, पण दहा युरो ते दहा युरोच.

जेवण. अॅग्रिटुरिझ्मो हे अशा शेतघरांचं तिकडचं नाव, पण ते नुसतं 'फार्म स्टे'वालं नाव नाही, कायद्याने शेती हाच मुख्य धंदा असावा लागतो आणि पाहुणे हे जोडधंदा, त्यामुळे ताटात येतं ते बरंचसं त्यांच्याच रानातलं असतं. रात्रीचं जेवण माणशी २८ युरो, आधी सांगावं लागतं. आम्ही दोघी शाकाहारी, मी आणि सासूबाई, हे सांगितल्यावर पहिल्या रात्री बाईंनी आम्हाला चीज, चीज घातलेला पास्ता आणि वर भाजलेलं चीज दिलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून परिस्थिती सुधारली. तिकडे तोर्ता अल तेस्तो म्हणून एक प्रकार आहे, या खोऱ्यात त्याला च्याच्चा म्हणतात, जाड तव्यावर भाजलेली जाड भाकरीच म्हणा ना, पूर्वी तवा दगडाचा-मातीचा असायचा आता लोखंडाचा. ती गरम फोडून आत लसूण घालून परतलेली पालेभाजी भरतात. सासूबाईंनी एक खाल्ली, मग दुसरी अर्धी घेते म्हणाल्या आणि पूर्ण खाल्ली. परदेशात आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांचं पोट भरलं असं त्यांनीच जाहीर केलं. ऑलिव्ह तेल त्यांच्या घरचं, घशाला जरा तिखट लागतं, तसंच असायला हवं म्हणे.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे २५ तारखेची सकाळ. ही मुळात माझ्या तक्रारींच्या यादीत होती.

२४ ला रात्री जेवताना बाई म्हणाल्या, उद्या नाश्ता साडेआठपासून नाही, फक्त आठ वाजता, आणि नऊला मी टेबल आवरणार, मला गावात जायचंय. बुकिंगमध्ये साडेआठ ते दहा लिहिलंय. सुट्टीवर आलेल्या माणसाला उठायची वेळ सांगितली की जो राग येतो तो मला आला. वर त्यांनी हेही सांगितलं की उद्या सुट्टी आहे, दुकानं बंद, सुपरमार्केट उघडलंच तर दुपारपर्यंत, दूध-बिध लागणार असेल तर आत्ता माझ्याकडून घ्या. घेतलं. लेकीने विचारलं सुट्टी कसली, तर म्हणाल्या लिबेरात्सियोने, मुक्ती. फॅसिस्टांपासून आणि जर्मनांपासून. १९४५ मध्ये २५ एप्रिलला उत्तरेकडच्या प्रतिकार समितीने उठाव पुकारला आणि मिलान सुटलं, तो दिवस, १९४६ पासून सुट्टी आहे. मग थोडं थांबून म्हणाल्या, आमचं खोरं तर आधीच्याच उन्हाळ्यात, १९४४ च्या जुलैत सुटलं होतं, पण सण देशाचा आहे. आणि सहज, ताटं उचलता उचलता म्हणाल्या, यायचं असेल तर या, साडेदहाला चौकात, वीस मिनिटांचं काम आहे, नंतर खायला असतं.

नवऱ्याला खायला असतं एवढंच ऐकू आलं.

तर आम्ही गेलो. गाव म्हणजे किती गाव, एक चर्च, एक बार, एक पोस्ट, आणि चौक म्हणायचं तर तोही उताराचाच. एका बाजूला दगडी फलक, चार कोपऱ्यांना जुन्या तोफगोळ्यांचे खांब, मधून साखळी ओवलेली, आत दोन गुलाबाची झाडं. माणसं मोजली, बँड धरून साठ पण नसतील. मला वाटलं होतं परेड असेल, स्टेज असेल, खुर्च्या असतील, माईकवर कुणी 'हॅलो हॅलो' करत असेल. काही नव्हतं. एक छोटा स्पीकर बारच्या खिडकीत ठेवलेला, त्याची वायर दारातून आत गेलेली. दोन काराबिनिएरी पोलीस गणवेशात, एक पाद्री, पीस खोवलेली टोपी घातलेले चार म्हातारे, ते म्हणे पहाडी पलटणीतले जुने सैनिक. आणि आम्ही चौघं रेनकोटमधले. आपण उपरे इथे का उभे आहोत असं मला जाम वाटत होतं, मी मागे बारच्या भिंतीला चिकटून उभी राहिले, तर बाईंनी येऊन सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना पुढे नेऊन स्वतःच्या सासूबाईंशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. सगळ्या चौकात खुर्च्या दोनच होत्या.

साडेदहाचं दहा पन्नासला सुरू झालं, हे वाचून कुणाला बरं वाटणार असेल तर वाटू दे. महापौर एक चाळिशीच्या बाई, लहानशी जुनी गाडी स्वतः चालवत आल्या, पार्क केली, पर्समधून हिरवा-पांढरा-लाल पट्टा काढून खांद्यावरून तिरका घातला, तो मागे पिळला होता, एका टोपीवाल्या आजोबांनी तो सरळ करून दिला आणि मग स्वतःच्या जागी जाऊन ताठ उभे राहिले. झेंडा वर गेला. बँडने राष्ट्रगीत वाजवलं, बँडमध्ये चौदा जण, पांढऱ्या केसांच्या ट्युबावाल्यापासून ते तोंडात च्युइंग गम असलेल्या क्लॅरिनेटवाल्या पोरीपर्यंत. मग हार. आपल्याकडे पुष्पचक्र म्हणतो ते, पण तिकडे फुलांचं नसतं, लॉरेलच्या पानांचं, वर तिरंगी रिबीन. दोघांनी मिळून आणलं, फलकाशी टेकवलं, वाऱ्याने ते कलंडलं, परत लावलं, परत कलंडलं. शेवटी शाळेतला एक मुलगा पुढे झाला आणि कुणी सांगितलं नसताना पुढचा सगळा वेळ ते एका हाताने धरून उभा राहिला.

मग बारच्या आतलं कॉफीचं मशीन कुणीतरी बंद केलं. तोपर्यंत तो घरघर आवाज चालू होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, बंद झाल्यावर कळलं. बारवाला ॲप्रन घालूनच बाहेर येऊन दारात उभा राहिला. एका ट्रंपेटवाल्याने शांततेची धून वाजवली, संथ असते ती, वरच्या सुरावर त्याचा आवाज फाटला, त्याने श्वास घेतला आणि तिथूनच पुढे नेली. कुणी मान वळवून बघितलं नाही. नवऱ्याने व्हिडिओ काढायला मोबाइल काढला होता तो त्याने परत खिशात टाकला, त्यामुळे माझ्याकडे यातलं काही रेकॉर्ड नाही, फोटो विचारू नका.

नावं दोन शाळकरी मुलांनी वाचली, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेल्या कागदावरून, आळीपाळीने. आधी आडनाव मग नाव. पहिल्या महायुद्धाची यादी लांब, दुसऱ्याची त्यापेक्षा छोटी. पहिल्या महायुद्धात इटलीचे सहा लाखांवर सैनिक गेले हे मी वाचलं होतं कधीतरी, पण एवढ्याशा गावातून एकाच आडनावाची चार-चार नावं लागोपाठ यायला लागली तेव्हा आपल्याकडे भावकी असते ना तसंच ते कानाला लागलं, एकाच वाड्यातली मुलं असणार. दुसऱ्या यादीत एक नाव आलं तेव्हा माझ्या शेजारची बाई हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, 'त्सीओ मीओ'. माझा काका. मला तेवढं इटालियन जेवणाच्या टेबलावर शिकून झालं होतं. ती बाई साठीची असेल, म्हणजे तिने तो काका बघितलेलाही नसणार. वाचणाऱ्या मुलाने एक आडनाव चुकवलं तर मागून तीन-चार जणांनी एकदम दुरुस्त केलं, आणि मुलाने ते परत नीट वाचलं.

महापौरांचं भाषण चार मिनिटं. मला कळलं नाही पण चार मिनिटं हे मी घड्याळात बघितलंय. शेवटी 'बेल्ला च्याओ' हे फॅसिस्टविरोधी लढ्याचं गाणं झालं, जे माझ्या लेकीला रील्समुळे तोंडपाठ होतं, ती टाळ्या वाजवत मोठ्याने गायला लागली आणि मग तिच्या लक्षात आलं की अर्धा चौक गातोय आणि अर्धा चौक तोंड मिटून बुटांकडे बघतोय. ते गाणं कुणी गायचं आणि कुणी नाही यावर तिकडे अजून राजकारण आहे, हे बाईंनी नंतर डोळे मिचकावत सांगितलं. लेक तोवर लाल झालेली.

संपलं. महापौर सगळ्यांशी हात मिळवत फिरल्या, आमच्याशी पण, 'ग्रात्सिये' म्हणाल्या, आम्ही कोण कुठले विचारलं नाही. सासूबाईंनी जमिनीवर पडलेलं हाराचं एक पान उचललं, चुरगाळलं, वास घेतला आणि मला म्हणाल्या, अगं हे तमालपत्र आहे! अगदी आपलं नाही, आपलं जरा दालचिनीच्या अंगाने जातं, पण भाऊबंद म्हणायला हरकत नाही. त्यावर बाईंच्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या नॉन्ना (आजी), हसल्या आणि पानाकडे बोट दाखवून खायची खूण केली. दोघींची मैत्री तिथे झाली.

खायला म्हणजे बाजूच्या हॉलमध्ये लांब टेबल, च्याच्चा, सलामी, चीज, प्लास्टिकच्या ग्लासात वाइन, सकाळी साडेअकराला. नवरा सुखात. नॉन्ना नव्वदीला टेकलेल्या, म्हणजे युद्धाच्या वेळी सात-आठ वर्षांच्या. त्यांनी सासूबाईंकडे बघून विचारलं, 'इंदियानी?' आम्ही हो म्हटलं. मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात, लेक मोबाइलवर ट्रान्सलेट लावून समोर धरून बसली, ते अर्धं पकडत होतं अर्धं सोडत होतं. एवढं कळलं की १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन मागे हटले आणि मागून आले ते 'इंदियानी'. आणि मग त्या दोन्ही हात पसरून म्हणाल्या, 'मूली! तांती मूली!'

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. सैनिकांबरोबर मुली? एवढ्या मुली? मला म्हणतात, काय गं ही काय बोलतेय. लेकीने मोबाइल बघितला आणि खुसखुसायला लागली. मूली म्हणजे खेचरं. डोंगरात गाड्या चढत नव्हत्या म्हणून सामान खेचरांवरून यायचं.

त्यानंतर नॉन्नांनी जे केलं त्याला ट्रान्सलेट लागलं नाही. त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले आणि थापायला सुरुवात केली, एक हात वर, एक हात खाली, मध्येच फिरवत, थप, थप, थप. भाकरी. काही शंकाच नाही, ज्या बाईने कधी कुणाला हातावर भाकरी थापताना बघितलंय तिलाच ती मनगटाची वळणं माहीत असतात. सासूबाईंनी काही न बोलता आपले हात वर केले आणि तश्शीच थापून दाखवली, आणि नॉन्ना जोरजोराने मान हलवत म्हणाल्या, 'एक्को, एक्को!' हेच, हेच. त्यांच्या खळ्यात ते लोक चूल मांडून बसायचे आणि पोरांना एक-एक द्यायचे म्हणे. नंतर त्यांनी डोक्याभोवती हात फिरवून फेटा दाखवला. या खोऱ्यात लढलेल्या, ब्रिटिशांच्या फौजेतल्या दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये शीख होते, गुरखे होते, पंजाबी, बलुची, गढवाली आणि आपले मराठा लाइट इन्फंट्रीवाले पण, तेव्हा त्यांच्या खळ्यात नेमके कोण होते काय माहीत. सासूबाईंचं मात्र तिथल्या तिथे ठरलं की आपलेच होते. फेट्याचं काय म्हटलं तर म्हणे ऊन होतं, बांधला असेल.

हे सगळं गोड गोड वाटू नये म्हणून मालकीणबाईंनी नंतर सांगितलेलं पण लिहिते. त्यांचं माहेर उंबेर्तिदेचं. तिथे २५ एप्रिल ही तारीख दुसऱ्याच कारणाने पाळतात, कारण १९४४ च्या २५ एप्रिलला, म्हणजे मुक्तीच्या बरोब्बर एक वर्ष आधी, दोस्त राष्ट्रांच्याच विमानांनी तिबेरवरचा पूल पाडायला बॉम्ब टाकले आणि ते पुलाऐवजी वस्तीवर पडले, ७० च्या आसपास माणसं गेली. ज्यांनी सोडवलं त्यांनीच. दरवर्षी याच दिवशी सकाळी इथे झेंडा आणि तिकडे मेणबत्ती, असं त्या म्हणाल्या, कपबशा विसळत, आवाज न बदलता.

आणि मग त्यांनीच विचारलं, तुम्ही मोंतोनेला गेलात का? तिथे तुमच्या माणसाचं आहे ना.

आम्हाला माहीत नव्हतं, हे कबूल करायला लाज वाटते. मोंतोने हे खोलीच्या खिडकीतून दिसणारं टेकडीवरचं गाव, इटलीतल्या सुंदर गावांच्या यादीत आहे म्हणून आमच्या प्लॅनमध्ये होतंच, फोटो आणि आइसक्रीमसाठी. दुसऱ्या दिवशी गेलो. गाडी तटाबाहेर ठेवून चढावं लागतं, सासूबाई तीनदा थांबल्या. तिथे २०२३ च्या जुलैमध्ये गावाने आणि इटालियन सैनिकी इतिहासकारांनी मिळून एक स्मारक उभारलंय, नाईक हुद्द्याच्या यशवंत घाडगेंचं, ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. आपल्या रायगडातले, माणगावजवळच्या पळसगावचे. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ ला याच वरच्या तिबेर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले, हे एकटे धावत गेले, ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, आणखी एकाला टॉमी गनने टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी संपवलं. मग स्नायपरची गोळी लागून त्याच मशीनगनच्या मोर्च्यात त्यांचा जीव गेला. वय २२. कबर नाही, कासिनो गावच्या युद्धस्मारकावर नुसतं नाव आहे.

स्मारक म्हणजे सूर्याचं घड्याळ आहे. सावली पडली की वेळ कळणार. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो असं त्याचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे. आणि आम्ही गेलो त्या दिवशी आभाळ भरलेलं! सावली नाही, वेळ नाही. सासूबाईंनी नाव दोनदा मोठ्याने वाचलं, आडनाव तिसऱ्यांदा, आणि मग म्हणाल्या, थांबू जरा, ऊन येईल. वीस मिनिटं थांबलो. नवरा पार्किंगचं बघून आला. ऊन आलं नाही.

परतताना गाडीत वाद झाला. नवरा म्हणाला, शेवटी लढले ते इंग्रजांसाठीच ना, आपण स्वतः तेव्हा कुठे स्वतंत्र होतो. खरं आहे. इटलीच्या मोहिमेत ५०,००० हून जास्त भारतीय सैनिक होते, ५,७८२ परत आले नाहीत, तिकडच्या ४० दफनभूम्यांत मिळून त्यांची नोंद आहे, २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले त्यातले सहा आपल्या लोकांना, त्यात अहमदनगरकडचे (आताचं अहिल्यानगर) नामदेव जाधव पण, आणि ज्या सरकारसाठी हे झालं त्याच सरकारने तेव्हा आपल्या नेत्यांना तुरुंगात ठेवलं होतं. हे सगळं मी पण बोलले. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, तुमचं तुम्ही भांडा, पोरगा बावीस वर्षांचा होता. त्यानंतर ई-४५ लागेपर्यंत कुणी काही बोललं नाही आणि मग खड्डे आलेच.

रात्री जेवायला बसलो तर बाईंनी सासूबाईंना पिठाचं भांडं आणि परात आणून दिली. नॉन्ना खास गावातून आल्या होत्या. पीठ गव्हाचं, भाकरीला चिकट, थापताना फाटत होतं, सासूबाई वैतागल्या, शेवटी जाड चपातीसारखं काहीतरी लाटूनच झालं आणि त्याच तेस्तोवर, म्हणजे त्यांच्या तव्यावर, भाजलं. चवीला बरं होतं, उत्तम नव्हतं. नॉन्नांनी मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. तिकडचा त्यांचा पाव पण अळणीच असतो, मग आमच्यात मीठ शोधायचं कारण काय, पण ते असो.

आता बिल आणि बाकीचं. घराचे रात्रीला १२० युरो, सुट्टी जोडून आल्यामुळे चढा भाव, एरवी ९५ ला मिळतं असं नंतर कळलं. पर्यटक कर वेगळा, रोख मागतात, सुटे जवळ ठेवा. पासपोर्ट घेऊन पोलिसांच्या पोर्टलवर नाव घालतात, घाबरू नका, सगळीकडे तसंच आहे. शेगडीचे तीन संध्याकाळचे ३० युरो लावले, चौथ्या संध्याकाळचे नाही लावले, विचारलं तर म्हणाल्या तेव्हा नॉन्नाला थंडी वाजत होती. नाश्ता ठीक, केक आणि जॅम घरचा, तिखटमिठाचं काही हवं असेल तर आपलं आपण न्या. वायफाय फक्त बैठकीत, तेही शेगडीच्या बाजूच्या कोपऱ्यात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वरच्या बेडरूमचा जिना खडा आहे, कठडा एकाच बाजूला, सासूबाईंना आम्ही खालीच कोचावर झोपवलं.

मे अखेरीस किंवा सप्टेंबरात गेलात तर थंडीची तक्रार राहणार नाही. एप्रिलमध्येच जाणार असाल तर २५ ला दूध-ब्रेड आधी भरून ठेवा, आठला उठायची तयारी ठेवा, आणि मोंतोनेला जाताना हवामान बघून जा. सगळं मिळून मी चार स्टार देतेय. एक हीटिंगचा कापलाय, आणि तो मी नाश्त्याच्या वेळेवरून कापणार होते हे बाईंना सांगू नका.